गाण्याची शिकवणी आणि सरकारी खजिना

वैनगंगेकाठच्या बालाघाटात बेताच्या प्राप्तीच्या घरातील एखाद्या मुलीचा गळा कितीही सुरेल असला, तरी खासगी शिकवणीची दरमहा फी, परीक्षेचे शुल्क आणि पेटी-तानपुऱ्याची किंमत यांचा मेळ बसेना म्हणून तिचे शिक्षण मध्येच खुंटावे, ही गोष्ट मला अत्यंत क्लेशदायक वाटते. यात दोष शिक्षकाचा नव्हे. ज्याने उमेदीची वर्षे साधनेत वेचली, त्याने योग्य मोबदला मागणे न्याय्यच होय.

विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरात गांधर्व महाविद्यालय स्थापिले, ते राजाश्रयावर न विसंबता लोकांच्या देणग्यांवर व मैफलींच्या उत्पन्नावर. परंतु पुढे त्यांच्या मुंबईच्या विद्यालयाची वास्तू कर्जापायी लिलावात गेली, हे ध्यानी घेतले म्हणजे एकट्यादुकट्याच्या त्यागावर एवढा भार टाकणे किती अनुचित आहे, ते कळून येते. याउलट खैरागढच्या राजदांपत्याने दिवंगत कन्या इंदिरा हिच्या स्मरणार्थ आपला राजवाडा दिला आणि १९५६ साली तेथे संगीताचे विश्वविद्यालय उभे राहिले. २००० साली मध्यप्रदेश राज्याची विभागणी होऊन खैरागढ छत्तीसगढात गेले खरे, तथापि आमच्या जिल्ह्याला ते आजही लागूनच आहे.

तेथून शिकून निघणाऱ्या पदवीधरांना बालाघाटच्या सरकारी शाळांत कायम तनख्यावर नेमावे, शाळा सुटल्यावर त्यांचे वर्ग सर्व मुलांस विनामूल्य खुले ठेवावेत आणि त्यासाठी येत्या अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद करावी, अशी मध्यप्रदेश शासनास माझी कळकळीची विनंती आहे.