भास नव्हे, टाय रॉड
सानगडीहून साकोलीला आणि पुढे महामार्गानं भंडाऱ्याला गाडी मीच नेते. महिनाभर खड्ड्यात, वळणावर खटखट ऐकू येत होती. 80 च्या वेगाला स्टिअरिंग थरथरायचं. गॅरेजवाला म्हणाला, ‘‘ताई, भाऊले पाठवा, त्याहिले समजते.’’ भाऊ! ज्यांनी ही गाडी एकदाही चालवली नाही! घरीही उत्तर तेच, ‘तुला भास होतो.’ आपली पाठदुखी भास, गाडीची खटखटही भास!

शेवटी मागच्या चाकांना दगड लावून मीच जॅक चढवला. पुढचं चाक डावी-उजवीकडून धरून हलवलं, तर प्ले लागला. टाय रॉड एंड झिजला होता. तो निखळला, तर चाक ताब्यात राहत नाही. शेजारी माझी मुलगी बसते. थरथर ठरावीक वेगालाच असेल, तर आधी चाकाचं बॅलन्सिंग बघायचं. ब्रेक दाबल्यावरच असेल, तर डिस्क. एवढं कळायला मिशा लागत नाहीत.

2023 मध्ये एसटी चालवायला बाई बसली, तेव्हा टाळ्या वाजल्या. गॅरेजात मात्र अजून नवऱ्यालाच बोलावतात. मैत्रिणींनो, शिबिरात आपण कायदा शिकवतो, आरोग्य शिकवतो. पुढच्या शिबिरात जॅक-पाना ठेवू या. गाडी माझी आणते.