घर आणि अंगण : हिरवळ आणि राखणदार

घरापुढें चार हात कां होईना, पण हिरवळ असावी, अशी हौस अलीकडे आमच्या बाळापुरासारख्या गांवींहि वाढत आहे. त्याबरोबरच कुत्रा पाळण्याची हौसहि वाढली आहे. या दोन्ही हौशी एकाच अंगणांत नांदूं लागल्या म्हणजे त्यांचें परस्परांशीं कसें जमावें, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतों. आम्हींहि तो केला नव्हता. त्याबद्दल जी किंमत द्यावी लागली ती प्रथम सांगतों. कारण ती हकीकत इतरांच्या उपयोगी पडण्यासारखी आहे.

दोन वर्षांपूर्वींच्या आषाढांत आम्हीं अंगणांत हरळी लावावयाचें ठरविलें. जमिनीला जोर यावा म्हणून एरंडीच्या ढेपेचें एक पोतें आणविलें. आमचें वऱ्हाड पडलें कपाशीचें. येथें ढेप म्हटली कीं ती सरकीची, आणि ती तर गाईम्हशींचें खाद्य. त्यामुळें 'ढेप' या शब्दाची कोणालाच धास्ती वाटत नाहीं. पोतें तोंड उघडें असलेलें तसेंच पडवींत राहिलें. आमचा मोत्या गांवठी कुत्रा; तो दुपारीं पोत्यापाशीं हुंगत असलेला मुलांनीं पाहिलाहि होता. रात्रीं त्यानें ओकावयास आरंभ केला. कांहीं खाण्यांत आलें असेल, उतरेल, असें थोरले बंधु म्हणाले. दूधतूप पाजावें, असें मातोश्रींनीं सुचविलें. आणि आम्हीं सकाळपर्यंत वाट पाहण्याचें 'शहाणपण' केलें. सकाळीं जुलाबांतून रक्त पडूं लागलें, तेव्हां धांवाधांव करून त्यास अकोल्यास नेलें. डॉक्टरांनीं पहिलाच प्रश्न केला, "बागेंत एरंडीचें खत घातलें आहे काय ?" आमची मान खालीं गेली. पांच दिवस सलाइन द्यावें लागलें. मोत्या वांचला, पण पुढें महिनाभर त्याला ओट्याच्या तीन पायऱ्याहि चढवत नव्हत्या.

एरंडाच्या बियांत 'रायसिन' नांवाचें जहाल विष असतें. तेल गाळतांना तें तेलांत न उतरतां ढेपेंत राहतें. पुरेशी उष्णता मिळाल्यास तें नष्ट होतें. पण आपण विकत घेतलेल्या पोत्याला ती मिळालीच असेल, असें समजण्यांत अर्थ नाहीं. हें विष शरीरांतील पेशींचें प्रथिनें बनविण्याचें कामच बंद पाडतें. लक्षणें कांहीं तासांनीं, कधीं एकदोन दिवसांनींहि दिसतात, आणि त्यावर नेमका असा उतारा अद्याप उपलब्ध नाहीं. लवकर उपचार हाच काय तो मार्ग. ढेपेचा वास कुत्र्यांना मोठा आवडतो, हें आणखी एक संकट. हाडांच्या चुऱ्याचेंहि तसेंच. तो फार खाल्ला गेल्यास आंतड्यांत गोळा होऊन अडतो. 'सेंद्रिय' म्हणून जीं मिश्र खतें विकत मिळतात, त्यांत कधीं कधीं हे दोन्ही पदार्थ असतात. सेंद्रिय म्हणजे निर्धोक, हा समज आम्हीं त्या आषाढांत कायमचा सोडून दिला. पूर्ण कुजलेलें शेणखत व गांडूळखत हीं दोन आमच्या कामास पुरतात. निंबोळीची ढेप कडू असल्यामुळें कुत्रीं तिला सहसा तोंड लावीत नाहींत. तरी तीहि मातींत नीट मिसळावी आणि उरलेली झांकणाच्या डब्यांत ठेवावी.

आतां हिरवळीविषयीं. मन आणि म्हैस या नद्यांच्या कांठीं वसलेल्या आमच्या गांवाची जमीन काळी, चिकण. पावसांत ती फुगते, उन्हाळ्यांत तिला भेगा पडतात. शिवाय पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाण पट्टा आमच्या भागांतून जातो. पुष्कळ विहिरींचें पाणी मचूळ. अशा ठिकाणीं परदेशी नाजूक गवतांच्या नादीं न लागतां आपली हरळीच लावावी. शेतांत कास्तकार जिला कुदळीनें खणून काढतां काढतां थकून जातो, तीच ही. खाऱ्या पाण्याला ती पुष्कळ अंशीं दाद देत नाहीं, वैशाखांत करपली तरी कांड्यांतून पुन्हां फुटते, आणि कुत्र्याच्या धांवण्यानें तुडविली गेली तरी लवकर भरून येते. सावली मात्र तिला सोसत नाहीं. निंबाखालीं ती लावण्याचा हट्ट धरूं नये.

जमीन वीतभर खोल खणून लव्हाळ्याचे गड्डे वेंचून काढावेत. नदीची वाळू व शेणखत मिसळावें, आणि घराकडून बाहेर असा थोडा उतार ठेवावा. नाहींतर श्रावणांत अंगणाचें डबकें होतें. मृगाचा पाऊस चांगला लागल्यावर हरळीच्या कांड्या चार चार बोटांवर टोंचाव्यात. महिना दीड महिना कुत्र्याला तेथें जाऊं देऊं नये. बांबूच्या कामट्यांचें हातभर कुंपण पुरतें. पुढें गवत दोन बोटें उंच राहील असें कापावें; एका वेळीं तिसऱ्या हिश्शाहून अधिक कापूं नये. मुळापासून भादरलेली हिरवळ दिसावयास गालिच्यासारखी, पण उन्हाला आणि पायांना टिकत नाहीं. फार वाढूं दिली तर तींत गोचीड लपतात, आणि गोचिडांपासून कुत्र्यांना येणारा ताप जीवघेणा ठरूं शकतो.

कुत्र्याच्या मूत्रानें पडणारे पिवळे डाग ही सर्वांची तक्रार. मूत्रांतील आम्लतेमुळें तें होतें, असा समज आहे. तो बरोबर नाहीं. मूत्रांत नत्र आणि क्षार एकवटलेले असतात, आणि खत जास्त झाल्यावर पीक जळावें तसेंच येथें घडतें. डागाच्या कडेला गवत उलट अधिक हिरवेंगार दिसतें, त्याचें कारणहि हेंच. तेथें नत्र बेताचें पोंचलेलें असतें. मादी व लहान पिलें एका जागीं बसून मूत्र टाकतात, म्हणून त्यांचे डाग ठळक. उपाय साधा आहे : लागलीच त्या जागीं बादलीभर पाणी ओतावें. त्याहून चांगला उपाय म्हणजे कोपऱ्यांत वाळूची जागा करून कुत्र्यास तेथेंच जाण्याची संवय लावावी. डाग पडूं नयेत म्हणून कुत्र्याच्या अन्नांत सोडा किंवा मीठ मिसळण्याचे उपाय सांगणारे भेटतात; ते ऐकूं नयेत. गवतासाठीं जनावराच्या मूत्रपिंडांशीं खेळणें शहाणपणाचें नव्हे.

विष्ठा मात्र त्याच दिवशीं उचललीच पाहिजे. हा केवळ टापटिपीचा प्रश्न नाहीं. कुत्र्याच्या आंतड्यांतील आंकडेकृमींच्या अळ्या ओलसर मातींतून अनवाणी पायांच्या त्वचेंत शिरतात. गोलकृमींचीं अंडीं मुलांच्या मातकट हातांवाटे पोटांत जातात. ज्या घरांत सातआठ मुलें त्याच हिरवळीवर लोळतात, तेथें कुत्र्याला वेळेवर जंताचें औषध देणें हें मुलांनाच औषध देण्यासारखें आहे. ही विष्ठा भाजीच्या वाफ्यांत किंवा खताच्या खड्ड्यांत टाकूं नये.

हिरवळीच्या कडेला काय लावावें, याचाहि विचार हवा. कण्हेर, पिवळी कण्हेर, धोतरा, एरंड, घाणेरी, आणि हल्लीं बंगल्यांपुढें शोभेसाठीं ठेवतात तो सायकस, हीं सर्व कुत्र्यांना विषारी आहेत. कण्हेरीचें फूल पूजेला लागतें, हें खरें. मग ती कुंपणापलीकडे लावावी आणि छाटलेल्या फांद्या अंगणांत पडूं देऊं नयेत. गाजरगवत उपटावें, पण हातमोजे घालून. माळावरचें कुसळी गवत व सराटाहि दिसतांच काढावा. कुसळ कुत्र्याच्या कानांत किंवा बोटांच्या बेचक्यांत शिरलें म्हणजे आंत आंत सरकत जातें.

सर्वांत मोठा धोका फवाऱ्याचा व दाणेदार औषधांचा. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर दगावले, हें आपण विसरलों नाहीं. जें औषध माणसाला मारतें तें गवत चाटणाऱ्या जनावराला सोडील कसें ? हुमणीसाठीं पूर्वीं सर्रास वापरल्या जाणाऱ्या 'फोरेट'वर ३१ डिसेंबर २०२० पासून आपल्या देशांत बंदी आहे; तथापि शेतीच्या घरांत जुन्या पुड्या फळीवर पडलेल्या सांपडतात. आजच त्या शोधून मुलांच्या व जनावरांच्या हातींतोंडीं लागणार नाहींत अशा कुलपांत ठेवाव्यात, आणि त्यांची वासलात कशी लावावी हें कृषि खात्याच्या माणसास विचारावें. अकोल्याचें पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ १९६९ पासून आहे. हुमणीसारख्या किडीबद्दल दुकानदारापेक्षां तेथें विचारणें बरें. घरच्या हिरवळीला बहुधा खुरपें आणि पाणी यांवांचून दुसरें औषध लागत नाहीं.

आणि एवढें करूनहि कुत्र्यानें कांहीं खाल्लेंच, तर मिठाचें पाणी पाजून ओकारी काढण्याच्या फंदांत पडूं नये. त्यानेंच दुसरी विषबाधा होते. दूधतुपांतहि वेळ दवडूं नये. काय खाल्लें असेल त्याचें वेष्टन बरोबर घेऊन ताबडतोब पशुवैद्य गांठावा. आमचे हातून गेलेले ते रात्रीचे आठ तास मोत्यानें आम्हांस क्षमा केले. प्रत्येक कुत्र्याचें नशीब तसें नसतें.

शेवटीं मातोश्रींचा एक आक्षेप राहिला होता. "ज्या अंगणांत तुमचा मोत्या बसतो, तेथल्या दूर्वा गणपतीला कशा वाहूं ?" प्रश्न रास्त होता. आम्हीं तुळशीवृंदावनाशेजारीं कंबरभर उंचीचा दगडी वाफा बांधून त्यांत निराळी हरळी लावली. तिला मोत्याचें तोंड पोंचत नाहीं. चतुर्थीला मातोश्री तेथल्या दूर्वा खुडतात, आणि खुडून झाल्या म्हणजे वाळूचा कोपरा स्वच्छ आहे कीं नाहीं, ढेपेच्या डब्याचें झांकण घट्ट आहे कीं नाहीं, हें स्वतः पाहून मगच घरांत जातात. हें काम त्यांना कोणीं सांगितलेलें नाहीं.