प्रोटॉन यंत्र आले, पण त्याआधीचे काय?

नवी मुंबईत खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ या टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत २०२३ पासून प्रोटॉन किरणोपचार सुरू झाले. चेन्नईत एका खासगी रुग्णालयात ही सोय २०१९ पासून होती. ती सरकारी संस्थेत आल्याचे मोल वेगळे सांगायला नको. ‘कॉर्डोमा’ या हाडाच्या दुर्मीळ कर्करोगात तिचा मोठा आधार आहे. पण या आजारात बरेच काही त्या यंत्राखाली झोपण्याआधीच ठरून गेलेले असते.

गर्भावस्थेत पाठीचा कणा तयार होण्याआधी त्या जागी पृष्ठरज्जू नावाची दोरी असते. ती विरते, मात्र तिच्या काही पेशी हाडांत मागे राहतात. त्यांपासून कॉर्डोमा होतो; वर्षाला दहा लाखांत साधारण एकाला. सुमारे एकतृतीयांश रुग्णांत तो कवटीच्या तळाशी असतो: नाकाच्या मागे, श्वास आणि हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या मेंदूच्या देठासमोर. डोळा बाहेर वळवणाऱ्या स्नायूचा मज्जातंतू तिथूनच जातो. म्हणून पहिली तक्रार बहुधा डोकेदुखीची किंवा एकाच्या जागी दोन दिसण्याची असते आणि रुग्ण साहजिकच डोळ्यांच्या ओपीडीत पोहोचतो. मधुमेहींत हा मज्जातंतू काही काळ दुबळा होऊन आपोआप सुधारतो, हे खरे. पण रुग्ण तरुण असेल किंवा तीन महिन्यांनीही दोनच दिसत असेल, तर चष्म्याचा नंबर बदलून भागत नाही. एमआरआय हवा.

गाठ दिसली की जवळच्या जवळ शस्त्रक्रिया उरकण्याची घाई होते. नेमकी तीच टाळायला हवी. पहिल्या शस्त्रक्रियेत मिळते तेवढी चांगली संधी पुन्हा मिळत नाही. नाकातून दुर्बिणीने गाठ काढण्यासाठी मेंदूशल्यचिकित्सक आणि नाक-कान-घसा तज्ज्ञ यांची सरावलेली जोडी लागते. तुकडा तपासणीत कॉर्डोमा आणि कोंड्रोसार्कोमा सारखे दिसू शकतात; ‘ब्रॅक्युरी’ या प्रथिनाच्या चाचणीने ते वेगळे ओळखता येतात. दुसऱ्याचे भवितव्य बरेच बरे असते, त्यामुळे ही चाचणी वगळू नये.

नेहमीच्या केमोथेरपीला कॉर्डोमा फारशी दाद देत नाही. उरलेल्या पेशींसाठी ७० ग्रेहून अधिक किरणमात्रा लागते. मेंदूच्या देठाला एवढी सोसत नाही. प्रोटॉन ठरावीक खोलीवर थांबतात, हाच त्यांचा फायदा. तरीही गाठ देठाला चिकटलेली राहिली, तर त्या कडेला पूर्ण मात्रा देता येत नाही. शस्त्रक्रियेने तिथे मोकळे केलेले दोन-चार मिलिमीटर यंत्राला भरून काढता येत नाहीत. जिल्हा रुग्णालयातून एमआरआय मोठ्या केंद्राकडे पाठवायला खर्च जवळपास नाही. तो पहिल्या शस्त्रक्रियेआधी जायला हवा.