खाणीतला दगड वर आणायला उभा बेल्ट का लावत नाहीत? भोर-वेल्ह्यातला हिशेब

पुण्याच्या रिंगरोडचं काम राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतलंय. हा रस्ता भोर तालुक्यातूनही जातो. रस्ता म्हटला की खडी आली आणि खडी म्हटली की दगडखाण, क्रशर, हायवा. भोर आणि शेजारच्या राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यात काळ्या पाषाणाला तोटा नाही. पण खाण जितकी खोल, तितकं प्रत्येक ब्रास दगड वर आणायला डिझेल जास्त. मग विजेवर चालणारा बेल्ट सरळ कड्यावरूनच का चढवत नाहीत?

कारण साधा बेल्ट उभा चढत नाही. चढ साधारण 18 अंशांच्या वर गेला की खडी मागे घसरायला लागते. म्हणजे 60 मीटर वर यायला जवळपास 195 मीटरचा बेल्ट हवा. ट्रकचं गणित तर आणखी लांबतं. खाण सुरक्षेच्या नियमांत रस्त्याचा चढ साधारण 1 ला 16 धरतात, म्हणजे तेवढ्याच उंचीला 960 मीटर रस्ता. त्या रस्त्याखालचा दगड अडकून पडतो तो वेगळाच.

यावर तोडगा म्हणजे उभा बेल्ट. एका प्रकारात बेल्टला कडेच्या भिंती आणि आडव्या पट्ट्या असतात, दगड कप्प्यात बसतो. दुसऱ्यात दोन बेल्टच्या मध्ये माल सँडविचसारखा दाबून वर नेतात. 60 अंशात हेच अंतर 70 मीटरवर येतं.

आता पैशांचं बघू. दहाचाकी ट्रकला एकूण 28.5 टनांची परवानगी आहे. त्यातले दहाएक टन गाडीचेच, म्हणजे प्रत्येक खेपेला डिझेल लोखंडही चढवतं. एक ब्रास खडी सव्वाचार टनांच्या आसपास भरते. ती 60 मीटर चढवायला बेल्टला, घर्षण धरून, एक युनिट वीज पुरेल. ट्रकला अर्धा लिटरच्या वर डिझेल. ढोबळमानाने ब्रासमागे 45 रुपये वाचतात.

बचत तर दिसते. पण समजा, उभ्या बेल्टचा जास्तीचा खर्च 3 कोटी आहे. तो वसूल व्हायला साडेसहा लाख ब्रासच्या पुढे दगड काढावा लागेल. रोज 100 ब्रास आणि वर्षाला 250 दिवस काम धरलं, तर 26 वर्षं! रोज 1000 ब्रास असतील तर तीन वर्षांच्या आत. टायर आणि ड्रायव्हरचा पगार धरला तर बचत वाढते, कर्जाचं व्याज धरलं तर पुन्हा घटते. मुदतीच्या पट्ट्यावर चालणारा छोटा खाणवाला 26 वर्षांचा विचार कशाला करेल?

म्हणूनच हे बेल्ट मोठ्या खाणींत दिसतात. आजच्या सर्बियातल्या माजदानपेक तांब्याच्या खाणीत 1990च्या दशकाच्या सुरुवातीला सँडविच बेल्ट बसवला. ताशी 4000 टन, चढ 93.5 मीटर. ब्रासमध्ये सांगायचं तर तासाला नऊशेच्या वर.

आणखी दोन अडचणी आहेत. सुरुंगाने फुटलेले मोठे धोंडे बेल्टवर चालत नाहीत, आधी क्रशर खाणीच्या तळाशी न्यावा लागतो. आणि वेल्ह्याचा पाऊस! ओला मुरूम कप्प्यांत असा चिकटतो की खरवडून निघत नाही. सँडविच बेल्ट सपाट असल्याने पुसता येतो, पण तो पडतो महाग.

चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याकडे जाणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट लक्षात घ्यावी. उभा बेल्ट खाणीच्या काठापर्यंतच पोचवतो. तिथून साइटपर्यंत खडी हायवानेच जाणार. त्या धुळीचा आणि उखडलेल्या डांबराचा खर्च वरच्या 45 रुपयांत कुठेच धरलेला नाही, कारण तो खाणवाला भरत नाही. तो ब्रासच्या दरात धरला, तर खाणीपासून साइटपर्यंतचा लांब बेल्टही कदाचित स्वस्त वाटू लागेल. मेघालयातल्या चुनखडीसाठी असा 17 किलोमीटरचा बेल्ट थेट सीमेपार बांगलादेशात गेलेला आहे.