करदाता कोण, दाता कोण?

"आमच्या टॅक्सच्या पैशावर हे लोक बसून खातात," हे वाक्य आपल्या समाजाला नवे नाही. पूर्वी ते शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाच्या बाबतीत ऐकवले जाई. आता रेशनचा तांदूळ, घरकुल आणि लाडकी बहीण या सगळ्यांनाच ते लावले जाते. गंमत अशी की हे वाक्य बोलणारा माणूस आपल्या आवडत्या नेत्याचा फोटो छापलेली धान्याची पिशवी पाहिली की हात जोडतो. म्हणजे त्याचा नेता देतो ते कल्याण आणि दुसऱ्याचा नेता देतो ती रेवडी! पक्ष बदलला की शब्द बदलतो. घेणारा मात्र दोन्ही वेळा फुकट्याच ठरतो.

गोंदिया जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. ४ जून २०२४ रोजी लोकसभेचा निकाल लागला. भंडारा-गोंदियात काँग्रेसचे प्रशांत पडोळे निवडून आले. आमगाव विधानसभा क्षेत्र गडचिरोली-चिमूर मतदारसंघात मोडते, तिथेही काँग्रेसचे नामदेव किरसान जिंकले. लगेच निष्कर्ष निघाला की पंतप्रधानांची लोकप्रियता ओसरली. सहा महिनेही झाले नाहीत तोच २३ नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल आला, आणि गोंदिया, तिरोडा, आमगाव, अर्जुनी मोरगाव या चारही जागा महायुतीने घेतल्या. आता निष्कर्ष उलटा! मधल्या काळात काय झाले होते? २८ जून २०२४ रोजी तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जाहीर केली. वर्षाला ४६ हजार कोटी रुपये खर्चाची ही योजना. मतदानाच्या आत पाच हप्त्यांचे साडेसात हजार रुपये खात्यात पडले.

मग हरलेल्यांनी म्हणायला सुरुवात केली की बायांनी दीड हजारात मत विकले. हे म्हणणाऱ्यांनी आपल्याच आघाडीचा जाहीरनामा वाचला नसावा. त्यात महालक्ष्मी योजनेतून महिन्याला ३ हजार रुपये देण्याचे वचन होते. तुम्ही ३ हजार देऊ केले तर तो न्याय आणि त्यांनी दीड हजार दिले तर तो मतांचा सौदा, हे कोणते तर्कशास्त्र? चिखलात दिवसभर वाकून रोवणी करणाऱ्या बाईला स्वतःच्या नावाच्या खात्यात आयुष्यात पहिल्यांदा दरमहा काही जमा होताना दिसले, तिने त्याची नोंद घेतली, यात लाज वाटण्यासारखे काहीही नाही. शहाणपणाच गाजवायचा असेल तर ज्यांनी तिला पंचाहत्तर वर्षे रोवणीची योग्य मजुरी मिळू दिली नाही त्यांच्यापुढे गाजवावा.

प्रश्न बाईने घेतले का, हा नाहीच. प्रश्न आहे, दिले कोणी?

करदाता म्हटले की आपल्यापुढे आयकर भरणारा पगारदार माणूस उभा केला जातो. परंतु सरकारची तिजोरी काही केवळ आयकराने भरत नाही. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला तेव्हा विडीवर २८ टक्के आणि तेंदूपानावर १८ टक्के कर बसला. सोन्यावर किती? ३ टक्के! भंडारा-गोंदियाच्या जंगलात उन्हाळ्यात पहाटे उठून तेंदूपाने तोडणारा, त्यांचे पुडे बांधणारा, घरात बसून विडी वळणारा हा कोणता समाज आहे, हे सांगण्याची गरज नाही. तेव्हा त्याच्या हातच्या मालावर २८ होते आणि सराफाच्या मालावर ३. अंगाच्या साबणावर सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्के होते. मोबाइलच्या रिचार्जवर १८ टक्के आहेत. सालेकशाच्या आदिवासी पाड्यावरचा मजूर रिचार्ज मारतो तेव्हा त्याला कोणी उत्पन्नाचा दाखला विचारत नाही. मुंबईचा उद्योगपती भरतो तेवढाच टक्का त्याच्याकडून कापला जातो. असा करदाता रोज कर भरतो, पण त्याला कोणी करदाता म्हणत नाही, कारण त्याच्याकडे पॅनकार्डाची ऐट नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा मुद्दा फार पूर्वीच मांडला होता. १९२७ साली मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी जमीन महसुलावर टीका केली. एक एकरवाला असो की शंभर एकरवाला, पीक येवो वा बुडो, सारा भरलाच पाहिजे. आयकर मात्र ठराविक उत्पन्नानंतरच लागतो, हा त्यांचा आक्षेप होता. कर हा देण्याच्या ऐपतीवर असावा असे सांगणारा हा माणूस ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवर ग्रंथ लिहिलेला अर्थतज्ज्ञ होता. आज त्यांच्या पुतळ्याला हार घालणारे अर्थमंत्री विडीवरचा कर ठरवताना हे भाषण उघडून बघत असतील असे वाटत नाही. असो.

१६ जुलै २०२२ रोजी उत्तर प्रदेशात बुंदेलखंड एक्स्प्रेस-वेचे उद्घाटन करताना पंतप्रधानांनी 'रेवडी संस्कृती'पासून सावध राहण्याचा इशारा दिला. मतांसाठी फुकट वाटणे देशाला घातक आहे, असा त्याचा आशय होता. बरोबर दोन दिवसांनी, १८ जुलैला, पाकीटबंद आणि लेबल लावलेल्या तांदूळ, पीठ, डाळ, दह्यावर ५ टक्के जीएसटी सुरू झाला. म्हणजे शनिवारी गरिबाला फुकट्या ठरवले आणि सोमवारी त्याच्या पिठाच्या पाकिटावर कर घेतला. पुढे ४ नोव्हेंबर २०२३ रोजी तेच पंतप्रधान आपल्या शेजारच्या दुर्गला आले. गोंदियातून हावड्याच्या गाडीत बसले की हे दुर्ग लागते. छत्तीसगडमध्ये विधानसभेची निवडणूक होती. तिथल्या सभेत त्यांनी ८० कोटी लोकांना आणखी पाच वर्षे मोफत धान्य देण्याची घोषणा केली. टाळ्या पडल्या. रेवडी हा शब्द त्या दिवशी कोणाला आठवला नाही.

या मोफत धान्याचा हिशेब आपण नीट समजून घेतला पाहिजे, कारण यातच खरी गोम आहे. २०१३ साली संसदेने अन्न सुरक्षा कायदा केला. त्याने माणशी ५ किलो धान्याचा हक्क दिला, तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलो. कोरोनात एप्रिल २०२० पासून त्याशिवाय आणखी ५ किलो मोफत सुरू झाले. डिसेंबर २०२२ मध्ये हे जादा ५ किलो बंद केले आणि १ जानेवारी २०२३ पासून कायद्याचे ५ किलोच मोफत केले. चार माणसांच्या घरात आधी ४० किलो येत होते, आता २० किलो येऊ लागले. वाचले किती? तांदळाचा भाव धरला तर माणशी महिन्याला १५ रुपये. परंतु योजनेला नाव पंतप्रधानांचे आणि पिशवीवर फोटो पंतप्रधानांचा! जो तांदूळ संसदेच्या कायद्याने मिळायचा तो आता साहेबांच्या कृपेने मिळतो असे लोकांना वाटू लागले. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी तेलंगणातील एका रेशन दुकानात पंतप्रधानांचा फोटो का नाही म्हणून कामारेड्डीच्या जिल्हाधिकाऱ्यांना सर्वांसमोर धारेवर धरले होते. रेशनचा तांदूळ आपल्यासारख्याच धान पिकवणाऱ्या मुलखात बांधीत उगवतो, मजुराच्या हाताने कापला जातो, गिरणीत भरडला जातो, लोकांच्या कराच्या पैशाने खरेदी होतो. यात फोटोवाल्याचे काय लागले?

महाराष्ट्रातही तेच. 'लाडकी बहीण'चे श्रेय कोणाचे यावरून सत्तेतल्याच पक्षांत जुंपली. राष्ट्रवादीच्या जाहिरातींतून योजनेच्या नावातला 'मुख्यमंत्री' हा शब्दच गायब झाला, म्हणून शिंदे गटाने आकांडतांडव केले. अमरावतीचे आमदार रवी राणा आशीर्वाद दिला नाही तर दीड हजार परत काढून घेईन असे जाहीर सभेत म्हणाले आणि नंतर ती गंमत होती असा खुलासा केला. कोल्हापूरचे खासदार धनंजय महाडिक यांनी पैसे आमचे घेता आणि काँग्रेसच्या सभेला जाता, अशा बायांचे फोटो काढा, असे सांगितले आणि टीका झाल्यावर माफी मागितली. निवडणूक झाली. मग छाननी आली. जुलै २०२५ मध्ये सुमारे २६ लाख लाभार्थी अपात्र आढळल्याचे सरकारनेच सांगितले. नमो शेतकरी योजनेचा लाभ घेणारीला दीड हजाराऐवजी ५०० रुपये. वचन २१०० चे होते. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ते कुठेच नव्हते. मतदानाआधी बहीण आणि मतदानानंतर संशयित! कायद्याने मिळालेला हक्क असता तर तिला दाद मागता आली असती. ओवाळणी कमी पडली म्हणून कोणी कोर्टात जात नाही.

कोर्टात गेले ते दुसरेच. मुंबईच्या एका चार्टर्ड अकाउंटंटने करदात्यांच्या पैशाची उधळपट्टी होते म्हणून या योजनेविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका केली. ५ ऑगस्ट २०२४ रोजी ती फेटाळली गेली. कर आणि शुल्क यांत फरक आहे, याची न्यायालयाला त्या वेळी आठवण करून द्यावी लागली. शुल्काच्या बदल्यात सेवा मागता येते. कर भरला म्हणून तो माझ्यावरच खर्च करा असे म्हणता येत नाही. ही मंडळी २० सप्टेंबर २०१९ रोजी कुठे होती? त्या दिवशी कंपन्यांचा कर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला गेला आणि वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचे उत्पन्न सोडले गेले. १ फेब्रुवारी २०२५ रोजी १२ लाखांपर्यंतचे उत्पन्न आयकरमुक्त केले, त्यात १ लाख कोटी गेले. मध्यमवर्गाला सवलत मिळाली याबद्दल आमची तक्रार नाही. तिला रेवडी म्हणत नाहीत, एवढेच दाखवायचे आहे. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरून २०२२ मध्ये उडान योजनेखाली विमान उडाले. त्या योजनेत विमान कंपनीचा तोटा भरून देण्यासाठी निधी असतो आणि त्यातला काही वाटा राज्य सरकार उचलते. विमानाच्या तिकिटाला मदत झाली तर तो विकास.

धानाच्या बोनसचेही तसेच आहे. डिसेंबर २०२२ मध्ये हेक्टरी १५ हजार आणि डिसेंबर २०२३ मध्ये हेक्टरी २० हजार रुपये जाहीर झाले, मर्यादा २ हेक्टर. धानाला भाव मिळत नाही तेव्हा शेतकऱ्याला ही मदत हवीच. परंतु हेक्टर कोणाजवळ आहे? सातबारा ज्याच्या नावाचा त्याला बोनस. जो बटईने करतो त्याला नाही, जी रोवणी करते तिला नाही. भूमिहीनाच्या वाट्याला बोनसमधले काय आले, असे एकाही पक्षाच्या सभेत कोणी विचारले नाही.

याच महाराष्ट्राने एकदा वेगळा रस्ता दाखवला होता. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे निघाली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या योजनेसाठी १९७५ साली शहरातील नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला, सरकारने तेवढीच भर घालायची असे ठरले आणि कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पगारदाराच्या खिशातून पैसा गेला, मजुराने घाम गाळून तो मिळवला आणि कोणी कोणाचा उपकारकर्ता झाला नाही. मजूर कामावर जाताना पागे साहेबांचा फोटो घेऊन जात नव्हता.

आता आपल्या घरातली गोष्ट. मे २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख रुपये वळवले गेले. ही ओरड विरोधकांची नव्हे. सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली आणि निधी द्यायचा नसेल तर खातेच बंद करा, इथपर्यंत ते आले. सरकारची बाजू अशी की लाभार्थींत अनुसूचित जाती-जमातीच्या बहिणीही आहेत, तेव्हा त्यांचा वाटा त्यांच्या निधीतून गेला तर बिघडले काय? बिघडले ते हे, की अनुसूचित जाती उपयोजना ही सर्वांसाठीच्या योजनांचा खर्च भागवण्यासाठी जन्मलीच नव्हती. आदिवासी उपयोजना सत्तरीच्या दशकाच्या मध्यात आणि आपली विशेष घटक योजना १९७९ साली आली ती याचसाठी, की सर्वसाधारण योजनांचे पाणी आपल्या वस्तीपर्यंत पोहोचत नाही. लोकसंख्येच्या प्रमाणात पैसा वेगळा काढायचा, तो दुसरीकडे वळवायचा नाही आणि बुडू द्यायचा नाही, असे नियोजन आयोगाचे निर्देश होते. जी योजना सगळ्या बहिणींसाठी आहे तिचा पैसा सर्वांच्या तिजोरीतून गेला पाहिजे. आपल्या बहिणीला मात्र तिच्याच मुलाच्या शिष्यवृत्तीच्या आणि स्वाधारच्या पैशातून ओवाळणी घातली जाते, आणि वर फोटो साहेबांचा!

लोकप्रियतेपुढे बोलायचे कसे, असे आपले काही कार्यकर्ते विचारतात. त्यांनी १९५४ आठवावे. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. भंडारा लोकसभेच्या पोटनिवडणुकीत राखीव जागेवर स्वतः बाबासाहेब उभे होते. नेहरूंची लोकप्रियता कळसाला होती. त्या लाटेतही बाबासाहेबांनी नेहरूंच्या धोरणावर भर सभांतून टीका केली. ते हरले. टीका मागे घेतली नाही. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा तर २५ नोव्हेंबर १९४९ रोजीच त्यांनी संविधान सभेत देऊन ठेवला होता.

अर्जुनी मोरगावचे आमदार राजकुमार बडोले हे २०१४ ते २०१९ या काळात सामाजिक न्याय मंत्री होते. लंडनमधील बाबासाहेबांचे घर त्यांच्याच काळात सरकारने घेतले, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. या खात्याचा पैसा कुठून येतो आणि कुठे जातो हे त्यांच्याइतके जिल्ह्यात कोणाला ठाऊक असणार? उपयोजनेचा निधी वळवण्यास बंदी घालणारा कायदा महाराष्ट्रात व्हावा, ही मागणी जुनी आहे. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ सालीच असे कायदे केले. नागपूरच्या अधिवेशनात हे विधेयक मांडायला त्यांना आणि आमगावच्या राखीव जागेवरून गेलेले आमदार संजय पुराम यांना कोणती अडचण आहे, हे त्यांनी जिल्ह्याला सांगावे. विधेयक लिहिताना मात्र कर्नाटकाकडे डोळे उघडे ठेवून पाहावे. तिथल्या कायद्यात 'मानीव खर्च' नावाची एक पळवाट होती, कलम ७ (ड). सर्वांसाठीच्या खर्चातला काही भाग आपल्यासाठी झाला असे मानून टाकायचे! ती २०२३ मध्ये रद्द केली, तरी त्याच वर्षी तिथल्या काँग्रेस सरकारने आपल्या गॅरंटी योजनांसाठी याच निधीतून ११ हजार कोटींहून अधिक रुपये वापरले. तेव्हा निधी वळवणाऱ्या अधिकाऱ्याला आणि मंत्र्याला शिक्षा काय, हे कलम विधेयकात पहिल्यांदा लिहावे आणि बाकीचे नंतर.