काळ्या मुलींची संगणकशाळा



कॉम्प्युटर म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे यंत्र येते. पण एके काळी अमेरिकेत कॉम्प्युटर हे माणसाच्या कामाचे नाव होते आणि ते काम करणाऱ्या बहुतेक बायका होत्या. विमानाच्या पंखाला हवा किती उचल देईल, किती रोध करील, याची लांबलचक गणिते त्या कागद-पेन्सिल घेऊन सोडवीत. व्हर्जिनिया राज्यात लँगली येथे विमानविद्येची मोठी सरकारी प्रयोगशाळा होती. दुसऱ्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९४३ पासून तेथे काळ्या स्त्रियांनाही घेऊ लागले. त्यांची बसण्याची जागा वेगळी, शौचालय वेगळे आणि खानावळीत मागच्या एका टेबलावर पाटी : ‘रंगीत कॉम्प्युटर्स’. म्हणजे या बायकांनी येथेच बसायचे.

मिरियम मॅन नावाच्या बाईंनी एक दिवस ती पाटी उचलली आणि पर्समध्ये टाकली. काही दिवसांनी तेथे दुसरी पाटी आली. तीही पर्समध्ये गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. शेवटी पाटी यायचीच थांबली. भाषण नाही, मोर्चा नाही, नुसती पर्स!

याच प्रयोगशाळेत डोरोथी व्हॉन या बाई १९४९ मध्ये काळ्या स्त्रियांच्या विभागाच्या प्रमुख झाल्या. पुढे खरोखरीचे गणकयंत्र आले. आता हाताने गणित करणाऱ्या बायकांची गरज उरणार नाही, हे त्यांनी ओळखले. त्या यंत्राची फोरट्रान नावाची भाषा त्या स्वतः शिकल्या आणि आपल्या हाताखालच्या बायकांना शिकवली. एकटीच शिकून वरच्या जागेवर जाऊन बसणे त्यांना अशक्य नव्हते. त्यांनी तसे केले नाही.

(‘काळ्या’ हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. गोऱ्यांनी दिलेली ‘निग्रो’, ‘रंगीत’ ही नावे टाकून ‘ब्लॅक’ हे नाव त्या लोकांनी स्वतः अभिमानाने घेतले. आपल्या वाचकांना हे अधिक समजावून सांगायला नको.)

आता साठ-सत्तर वर्षे पुढे या. २०१४ साली गुगल या प्रचंड कंपनीने आपल्याकडे कोण कोण काम करते याचे आकडे पहिल्यांदा जाहीर केले. तांत्रिक कामावरच्या शंभर माणसांत बायका १७ आणि काळी माणसे, स्त्री-पुरुष मिळून, अवघे एक! ज्यांच्या आज्यांनी अंतराळयानांची गणिते केली त्यांच्या नाती कुठे गेल्या? मुली गणितात कच्च्या असतात, हे आपल्याकडच्या काही मास्तरांचे आवडते उत्तर. लँगलीच्या बायकांनी ते केव्हाच खोटे पाडले आहे. खरे कारण असे की, यंत्र ज्यांच्या घरी आले, ज्यांच्या शाळेत आले, त्यांची मुले शिकली. आणि जेथे आले तेथेही मुलाच्या हाती आधी गेले. आपल्या घरातला मोबाईल संध्याकाळी कोणाच्या हातात असतो आणि भांडी कोणाच्या, हे जरा पाहा म्हणजे समजेल.

हे चित्र बदलायला ज्या बाई उभ्या राहिल्या त्यांचे नाव किंबर्ली ब्रायंट. जन्म १९६७, गाव मेंफिस. या गावात १९६८ साली सफाई कामगारांचा मोठा संप झाला. कचऱ्याच्या गाडीत चिरडून दोन कामगार मेले, त्यातून तो पेटला. ‘मी माणूस आहे’ एवढेच शब्द लिहिलेले फलक घेऊन कामगार रस्त्यावर चालत होते. त्यांना पाठिंबा द्यायला आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांचा ४ एप्रिलला तेथेच खून झाला. अशा गावात एकट्या आईने वाढवलेली ही मुलगी विजेची इंजिनिअर झाली. १९८९ मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाची पदवी घेतली आणि पुढे मोठमोठ्या कंपन्यांत चांगल्या हुद्द्यावर काम केले.

तेथवरच थांबल्या असत्या तर कोणी नावे ठेवली नसती. पण त्यांच्या मुलीला संगणकाची गोडी लागली. तिला शिकायला पाठवले, तर सगळ्या वर्गात काळी मुलगी ती एकटीच. आईने कॉलेजात सोसलेला एकटेपणा लेकीच्याही वाट्याला आला. म्हणजे मधल्या पंचवीस वर्षांत बदलले काय?

२०११ मध्ये ब्रायंटबाईंनी आपल्या काही सहकाऱ्यांना हाताशी धरून सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम तयार केला आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या बेव्ह्यू-हंटर्स पॉइंट भागात मूठभर मुलींचा वर्ग सुरू केला. जागा कोणती निवडली ते पाहा. युद्धकाळात जहाजबांधणीसाठी तेथे दक्षिणेकडून काळे कामगार आले, राहिले. १९७४ मध्ये गोदी बंद झाली. कामे गेली, विषारी कचऱ्याने नासलेली जमीन तेवढी मागे उरली. जगातल्या श्रीमंत संगणक कंपन्या तेथून तासाभराच्या वाटेवर! संस्थेचे नाव ठेवले ‘ब्लॅक गर्ल्स कोड’. खाडीपलीकडे ओकलंड आहे. १९६६ मध्ये ब्लॅक पँथर तेथेच जन्मली आणि सहा वर्षांनी तिचे नाव मुंबईत आपल्या पोरांनी उचलले, हे वाचकांना ठाऊक आहेच.

शाळेची रीत मला फार आवडली. सुरुवातीला वय ७ ते १७. वर्ग बहुधा सुट्टीच्या दिवशी. पहिल्याच दिवशी मुलगी काहीतरी बनवते : एखादा लहानसा खेळ, हलणारे चित्र, स्वतःचे पान. व्याख्या पाठ करणे नंतर. शिकवायला शक्यतो अशा काळ्या बाया, ज्या स्वतः या धंद्यात नोकरी करतात आणि सुट्टीचा दिवस देतात. मुलीला यंत्राबरोबर ही बाईही दिसली पाहिजे, हा त्यातला मोठा विचार. आपल्यासारखी बाई हे काम करते, पगार घेते, हे डोळ्यांनी पाहिले की घरी फार समजवावे लागत नाही. बघता बघता अनेक शहरांत शाखा झाल्या, दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गलाही एक निघाली. २०४० पर्यंत दहा लाख मुलींना शिकवायचे, असा संकल्प बाईंनी सोडला.

संस्था म्हटली की पैसा आला, आणि पैसा आला की परीक्षा आली. २०१७ मध्ये उबर या टॅक्सीच्या कंपनीने सव्वा लाख डॉलर देऊ केले, म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे ८० लाख रुपये. त्याच वर्षी त्या कंपनीतल्या एका इंजिनिअर स्त्रीने तेथे होणाऱ्या लैंगिक छळाची हकीकत जाहीरपणे लिहिली होती, गदारोळ झाला होता आणि कंपनीच्या प्रमुखाला पायउतार व्हावे लागले होते. यात मदतीपेक्षा प्रसिद्धीचा हेतू अधिक दिसतो, असे म्हणून ब्रायंटबाईंनी ती रक्कम नाकारली. काही म्हणतील, पैशाला कुठे रंग असतो? तेवढ्यात किती मुली शिकल्या असत्या! हा प्रश्न खोटा नाही. पण ज्या मुलींना आपण नोकरीला तयार करतो, त्यांनाच जेथे छळ सोसावा लागेल त्या दाराचे नाव आपल्या शाळेच्या भिंतीवर लिहायचे काय? माझ्या मते बाईंनी योग्य केले.

पुढची हकीकत कडू आहे, पण ती झाकून ठेवणे बरे नाही. मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांना पोलिसाने भर रस्त्यात मारल्यावर देशभर आंदोलन उसळले आणि काळ्या लोकांच्या संस्थांकडे देणग्यांचा ओघ सुरू झाला. ही संस्थाही मोठी झाली. डिसेंबर २०२१ मध्ये संचालक मंडळाने संस्थापिकेलाच निलंबित केले. कर्मचाऱ्यांशी त्यांची वागणूक ठीक नव्हती, अशा तक्रारी असल्याचे कारण सांगितले. बाईंनी आरोप नाकारले. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांना काढून टाकले आणि दोन्ही बाजू कोर्टात गेल्या. दोष कोणाचा याचा निवाडा आपण येथे बसून करू नये. मंडळ निवडताना मोठ्या नावाची माणसे घेतली जातात, कारण त्यांच्यामुळे दारे उघडतात. त्या माणसांना कायद्याने मालकापेक्षा मोठा अधिकार मिळतो, हे सभासदाच्या लक्षात भांडण झाल्यावर येते. आणि कर्मचाऱ्याने तक्रार करायची कोणाकडे, याचा नियम संस्था लहान असतानाच लिहून ठेवावा लागतो. संस्थापकाच्या त्यागाकडे पाहून तो कोणी लिहीत नाही. आपल्या महिला मंडळांच्या आणि शिक्षण संस्थांच्या कार्यकर्त्यांनी एवढा परिच्छेद दोनदा वाचावा.

शाळा मात्र बंद पडली नाही. २०२३ मध्ये क्रिस्टिना जोन्स या बाईंनी तिची सूत्रे घेतली. ब्रायंटबाई आपल्या गावी मेंफिसला वळल्या आणि काळ्या उद्योजकांना उभे करणारी नवी प्रयोगशाळा त्यांनी काढली. संस्थेच्या पहिल्या वर्षी जी पोर सात वर्षांची असेल, ती २०२५ मध्ये एकवीस वर्षांची झाली, म्हणजे नोकरीच्या दारात उभी आहे.