कोट अंगाला बसला नाही तर



या सदरात आपण एरवी बीजप्रक्रिया, हळदीची काढणी, सोयाबीनवरची अळी असे विषय घेतो. आजचा विषय वेगळा आहे. कंधार तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आले. मुलाच्या लग्नासाठी त्यांनी शहरातून कोट शिवून आणला. घरी आणून घातला तर मानेमागे कॉलर अंगापासून सुटून उभी राहते आणि हात वर केला की काखेत धरते. मुलगा म्हणतो, राहू द्या, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. आईला ते पटत नाही. दिवस थोडे होते, म्हणून त्यांना मी फोनवरच उत्तर दिले. पण लगीनसराई तोंडावर आहे आणि असे कोट आणखीही घरांत येणार आहेत, तेव्हा सविस्तर लिहितो.

कृषी विस्तार अधिकाऱ्याला कोटातले काय कळते, असे कोणी म्हणेल. शिवणकाम मला येत नाही, हे खरे. पण आज कापड, अस्तर आणि शिलाई धरली तर एका कोटात दीड-दोन क्विंटल सोयाबीन सहज जाते. एवढ्या मालाचे बियाणे उगवले नाही तर आपण दुकानदाराला जाब विचारतो. कोटाच्या बाबतीत मात्र मान खाली घालून घरी येतो. मीही तसाच आलो होतो.

माझे लग्न १९९६ साली झाले. परभणीहून बी.एस्सी. करून नोकरीला लागून दोन वर्षे झाली होती. अंगावर कोट असावा ही हौस माझी आणि पैसे वडिलांचे. कापूस तेव्हा एकाधिकार खरेदीत जाई आणि चुकारा हाती यायला वेळ लागे. तो चुकारा आला तसे वडील मला घेऊन शहरात गेले. कापड घेतले, माप दिले. कोट घ्यायला गेलो तेव्हा वडील दुकानातल्या बाकावर फेटा मांडीवर ठेवून बसले होते. मी कोट घातला. डावी बाही उजवीपेक्षा चांगली इंचभर लांब होती. मला ते आरशात दिसले. दुकानात गर्दी होती, मास्टरच्या गळ्यात टेप होता, आणि मी नुकता अधिकारी झालेला खेड्यातला मुलगा. वडिलांनी विचारले, "बरा बसला का रं?" मी म्हणालो, "बसला." लग्नाच्या प्रत्येक फोटोत माझा डावा हात अर्धा झाकलेला आहे.

बोलायला आपण का कचरतो? पैसे आपले असतात, कापडही आपले असते. तरी चकचकीत दुकानात उभे राहिले की मास्टरला जास्त कळते, आपण काय बोलावे, असे वाटते. मास्टरला कापणी आणि शिवण जास्त कळते, यात शंका नाही. पण काखेत कुठे धरते आणि गळ्याला कुठे टोचते, हे ज्याच्या अंगावर कोट आहे त्यालाच कळते. बैलाला जू नीट बसले नाही तर त्याचा खांदा सुजतो. बैल बोलत नाही, म्हणून आपण हात फिरवून पाहतो. माणसाला तोंड आहे.

गेल्या वर्षी माझ्या पुतण्याचे लग्न वैशाखात होते. त्याला मखमलीचा जोधपुरी हवा होता. निजामाच्या राजवटीत, म्हणजे सप्टेंबर १९४८ पर्यंत, आपल्या भागातले वकील, मास्तर आणि देशमुख मंडळी समारंभाला शेरवानी घालत. आजचा बंद गळ्याचा जोधपुरी तिच्याच जवळचा. दिसायला रुबाबदार खरा, पण उभ्या गळ्यामुळे चूक लपत नाही. त्यात वैशाख म्हणजे नांदेडला पारा बेचाळीसच्या पुढे. मी म्हणालो, पातळ कापड घे, पाठीत अर्धेच अस्तर लाव. ऐकले नाही. असो.

एक गोष्ट मात्र मी हट्टाने करून घेतली. कच्च्या टाक्यांवर कोट उभा केला की आम्हांला ट्रायलला बोलवा आणि तोवर काज करू नका, असे मास्टरला पहिल्याच दिवशी सांगितले. सगळी मेख इथे आहे. कच्चा दोरा ओढला की निघतो. पक्की टीप उसवली की कापडावर भोकांची रेघ राहते, आणि मखमलीवर तर ती कायमची दिसते. गव्हाच्या पेरणीत पाभर नीट चालत नाही हे दुसऱ्या तासाला कळले तर वावर सुधारता येते. उगवल्यावर कळून काय उपयोग?

ट्रायलला जाताना लग्नात घालायचा तोच सदरा आणि तेच बूट घालून जावे. बूट बदलला की उभे राहणे बदलते. दुकानात छाती काढून, पोट आत घेऊन उभे राहू नये. त्या दिवशी मास्टर मला हसत म्हणाले, "साहेब, लोक माप देताना सिपायासारखे उभे राहतात आन् लग्नात खांदे पाडून फिरतात. मग म्हणतात कोट बिघडला." त्यांचे म्हणणे खोटे नाही. शिवाय आपल्या शेतकऱ्याचे अंग दोन्ही बाजूंनी सारखे नसते. वर्षानुवर्षे एकाच खांद्यावर पोती उचलणाऱ्याचा तो खांदा बहुधा थोडा उतरलेला असतो, वाकून काम करणाऱ्याची पाठ जराशी गोल झालेली असते. माप घेणारा एकच खांदा मोजून दुसरा तेवढाच धरतो, आणि चूक तिथून सुरू होते. म्हणून आपण आधीच सांगावे की माझा उजवा खांदा उतरता आहे, दोन्ही खांदे आणि दोन्ही हात वेगळे मोजा.

पुतण्याचा कच्चा कोट अंगावर चढला तेव्हा पहिल्या नजरेला छान दिसला. मी त्याला म्हणालो, आता हार घालायला हात वर कर. हात वर गेले आणि त्यांच्याबरोबर सगळा कोट वर गेला, गळा हनुवटीला टेकला. याचा अर्थ मुंढा खाली कापला गेला आहे. पुष्कळांना वाटते की मुंढा जितका मोठा तितका हात मोकळा. तसे नाही. मुंढा काखेच्या जवळ असला तर बाही हलते आणि कोट जागेवर राहतो. मुंढा खाली गेला की हात कोटाला ओढून नेतो. मग त्याला खुर्चीवर बसवले, वाकायला लावले, दहा पावले चालवले. उजव्या खांद्याखाली पाठीवर एक तिरपी सुरकुती पडत होती, ती उतरत्या खांद्याची. मागचा घेर थोडा वर उचललेला आणि पुढचा खाली आलेला होता, ते गोल पाठीमुळे. आणि वहिनींनी, ज्या तोवर गप्प बसल्या होत्या, विचारले की दोन पल्ल्यांचा रंग वेगळा का दिसतो? आम्ही सगळे पाहू लागलो. खरेच डावा पल्ला गडद आणि उजवा फिका. मखमलीला लव असते. एक पल्ला लव वर करून कापला गेला होता आणि दुसरा लव खाली करून. वर्षानुवर्षे लुगडी-चोळ्या निवडणाऱ्या बाईची नजर होती ती. कोट आणायला जाताना घरातल्या बायकांना बरोबर न्या, असे मी तेव्हापासून सांगतो.

मास्टरचा चेहरा उतरला. आवाज चढायची वेळ आली होती. मी एवढेच केले की उपाय सांगत बसलो नाही. "खांद्यातून अर्धा इंच काढा" असे आपण सांगू नये. अर्धा इंच कुठून काढायचा हे त्यांचे शास्त्र. आपण दिसते ते सांगावे: इथे सुरकुती पडते, हात वर केला की गळा चढतो, रंग दोन दिसतात. डॉक्टरकडे गेल्यावर पोट कुठे दुखते ते सांगतो, गोळीचे नाव सांगत नाही, तसेच हे. मास्टरनी खडू घेतला, टाचण्या लावल्या, उतरत्या खांद्यात पातळ पॅड घालून सुरकुती काढली, पाठीची लांबी गोल पाठीच्या मानाने सोडली. उजवा पल्ला मात्र नव्याने कापावा लागणार होता, आणि मुंढ्याचाही प्रश्न होता. कापलेले कापड परत वाढत नाही. सुदैवाने मखमल सव्वा मीटर उरली होती. बाजू आणि पल्ला नव्याने कापल्या, त्याची शिलाई घेतली नाही. आम्हीही उरलेल्या कापडाचे पैसे मागितले नाहीत.

आता कंधारच्या भगिनीसारखा ज्यांचा कोट पक्का शिवून घरी आला आहे, त्यांच्यासाठी. आधी कोट उलटा करून आतली माया पाहा. शिवणीच्या आत जे कापड राखून ठेवतात त्याला शिंपी माया म्हणतात. शब्द किती नेमका आहे! बाजूच्या शिवणीत आणि पाठीच्या मधल्या शिवणीत माया असेल तर कंबर आणि छाती सैल करता येते. घट्ट तर माया नसतानाही करता येते. बाही लांब असेल तर दुमडून आखूड होते. आखूड असेल तर आत दुमडलेले कापड किती आहे त्यावर आहे. मात्र मनगटाशी खरी काजे केली असतील तर दोन्हीकडून हात बांधले जातात. मानेमागे सुटलेली कॉलर उसवून पाठीचा गळा दुरुस्त करून परत बसवता येते. काम जिकिरीचे आहे, पण चांगला कारागीर करतो. उलट कॉलरखाली आडवी वळी पडत असेल तर पाठीचा गळा थोडा खाली घ्यावा लागतो, तेही जमते. अस्तर तोकडे असून कोट आत ओढला जात असेल तर अस्तर सैल करणे सोपे.

अरुंद खांदा, खाली कापलेला मुंढा, आखूड उंची, भलत्या जागी कापलेला खिसा, चुकलेले काज, चौकडीच्या कापडात न जुळलेल्या रेघा, या गोष्टी पक्क्या कोटात बहुधा सुधारत नाहीत. त्यांवर शिंप्याने "प्रेस केल्यावर बसेल" असे सांगितले तर विश्वास ठेवू नये. इस्त्रीने सुरकुती जाते, माप बदलत नाही. त्या भगिनींच्या कोटात कॉलर दुरुस्त होण्यासारखी होती. काखेचे काम बाजूच्या मायेवर होते, आणि ती दोन बोटे निघाली.

बारीकसारीक गोष्टींकडे लक्ष देणे हा कुणाला किरकिरेपणा वाटतो. आपल्या नांदेडलाच मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज तयार होतात. लांबी-रुंदीचे प्रमाण तीनास दोन, चक्राला चोवीस आरे, आणि चक्र दोन्ही बाजूंनी दिसले पाहिजे. त्यात दोऱ्याची चूकही चालत नाही. ते हातही आपल्याच भागातल्या माणसांचे आहेत. तेव्हा आपल्या लोकांना नेमके काम येत नाही, असे कोणी म्हणू नये. मागावे लागते, आणि मागताना वेळ द्यावा लागतो. लग्नाच्या आठ दिवस आधी कापड टाकून आपण कोणत्या तोंडाने ट्रायल मागणार? सव्वा-दीड महिना आधी कापड द्यावे. पावतीवर कापडाचा तुकडा टाचून घ्यावा, ट्रायलची आणि देण्याची तारीख लिहून घ्यावी, सगळे पैसे आधी देऊ नयेत.

इतके करूनही कोणी ऐकलेच नाही तर कायदा आहे. पैसे घेऊन दिलेली सेवा म्हणून शिवणकाम ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये बसते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, आणि १९१५ या क्रमांकावर फोन करून आधी विचारताही येते. पावती नसेल तर मात्र वांधे होतात. पण हा शेवटचा रस्ता. माझ्या पाहण्यात तरी शांतपणे सांगितलेली चूक बहुतेक शिंपी सुधारून देतात. नाव त्यांनाही राखायचे असते.

पुतण्याचे लग्न झाले. घामाने तो निथळत होता, ते मी आधीच सांगितले होते. पण हार घालताना गळा जागेवर राहिला.

आठवड्याने मी माझा १९९६ चा कोट पेटीतून काढून त्याच मास्टरकडे नेला. त्यांनी डावी बाही उसवली, आत दुमडली, हाताने टाके घातले. चहा येईपर्यंत काम झाले होते. पैसे विचारले तर हसले. वडील जाऊन आता नऊ वर्षे झाली. जाण्याच्या आदल्या वर्षी दिवाळीत लग्नाचा अल्बम पाहत होते तेव्हा त्या फोटोवर बोट ठेवून म्हणाले होते, "तवाच बोलायचं होतंस की रं. मला दिसलं होतं. मला वाटलं, साहेब लोकांत अशीच पद्धत असंल."

बाही आता बरोबर मनगटावर येते. बटण मात्र लागत नाही.